राजर्षी शाहू महाराजांचा राज्यकारभार आणि सामाजिक सुधारणा : हुकूम, वसतिगृह व वतन यांचा परस्परसंबंध

प्रास्ताविक

आधुनिक महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात करवीर संस्थानचे अधिपती राजर्षी शाहू छत्रपती (१८७४-१९२२) यांचे स्थान अनन्यसाधारण आहे. महात्मा फुले यांनी मांडलेल्या सामाजिक समतेच्या विचाराला राजसत्तेचे बळ मिळवून देणारा राजा म्हणून त्यांचा सार्थ गौरव केला जातो. परंतु हा गौरव करताना त्यांचे कार्य बहुधा सुट्या घटनांच्या रूपाने सांगितले जाते. वेदोक्त प्रकरण, १९०२ चा पन्नास टक्के राखीव जागांचा जाहीरनामा, वसतिगृहे, सक्तीचे प्राथमिक शिक्षण, वतनांची बरखास्ती आणि माणगाव परिषद ही त्यांतील ठळक प्रकरणे होत. या घटनांना जोडणारा कारभाराचा धागा मात्र अनेकदा दुर्लक्षित राहतो.

प्रस्तुत शोधनिबंधात शाहू महाराजांच्या सामाजिक सुधारणांचा विचार प्रशासनाच्या अंगाने केला आहे. महाराजांनी सामाजिक विषमतेचा प्रश्न उपदेशाच्या पातळीवर न ठेवता तो नेमणुका, दप्तर, अनुदान आणि सेवाशर्ती यांच्या कक्षेत आणला. एका उपायातील उणीव लक्षात आल्यावर त्यांनी दुसरा उपाय योजला. त्यामुळे १९०२ ते १९२० या काळातील त्यांचे निर्णय परस्परपूरक ठरतात, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

उद्दिष्टे

१) शाहू महाराजांच्या प्रमुख सुधारणांमागील प्रशासकीय रचना समजून घेणे.
२) नोकरी, शिक्षण आणि वतनपद्धती या तीन क्षेत्रांतील निर्णयांचा परस्परसंबंध तपासणे.
३) या सुधारणांच्या मर्यादा व त्यांचे उत्तरकालीन महत्त्व यांचे मूल्यमापन करणे.

यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून शाहू महाराजांचे प्रसिद्ध झालेले हुकूम, जाहीरनामे व चरित्रपर साहित्य यांतून सर्वज्ञात असलेल्या माहितीचा आधार घेतला आहे.

राज्यारोहण आणि प्रशासनाची स्थिती

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या यशवंतरावांना १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक घेण्यात आले व त्यांचे नाव शाहू असे ठेवण्यात आले. राजकोटचे राजकुमार महाविद्यालय आणि त्यानंतर धारवाड येथे सर एस. एम. फ्रेझर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांचे शिक्षण झाले. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्याची सूत्रे हाती घेतली. १९०१ च्या जनगणनेनुसार संस्थानची लोकसंख्या सुमारे ९ लाख होती. तीत शेती करणाऱ्या बहुजन समाजाचे प्रमाण मोठे होते. राज्यकारभारात मात्र या समाजाला जवळजवळ स्थान नव्हते. १८९४ साली सर्वसाधारण प्रशासनातील ७१ अधिकारपदांपैकी ६० पदांवर ब्राह्मण अधिकारी होते.

या स्थितीचा परिणाम केवळ नोकऱ्यांच्या वाटपापुरता मर्यादित नव्हता. राजाने काढलेला हुकूम खेड्यापर्यंत पोहोचतो तो अधिकारी, कारकून आणि गावकामगार यांच्या साखळीतून. ही साखळी एकाच वर्गाच्या हाती असेल तर राजाची इच्छा कितीही उदार असली, तरी तिची अंमलबजावणी त्या वर्गाच्या सोयीने होते. महाराजांनी सुरुवातीपासून निवडक नेमणुकांच्या मार्गाने यावर उपाय शोधला. १८९५ साली भास्करराव जाधव यांच्यासारख्या उच्चशिक्षित मराठा तरुणाला संस्थानच्या सेवेत घेण्यात आले. परंतु एकेक गुणी व्यक्ती शोधून नेमणे आणि संपूर्ण व्यवस्थेचे स्वरूप बदलणे यांत अंतर होते.

वेदोक्त प्रकरणाने हे अंतर अधिक स्पष्ट केले. १८९९ मध्ये पंचगंगेवरील स्नानाच्या प्रसंगी छत्रपतींच्या धार्मिक विधींसाठी वैदिक मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले जात असल्याचे निदर्शनास आले आणि त्यातून मोठा संघर्ष उद्भवला. वेदोक्त पद्धतीने विधी करण्यास नकार देणाऱ्या राजोपाध्यांचे इनाम १९०२ मध्ये जप्त करण्यात आले. या वादाची विस्तृत चर्चा इतिहासकारांनी केलेलीच आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातील एक बाब महत्त्वाची वाटते. महाराजांनी येथे धर्मशास्त्राच्या वादाला एका प्रशासकीय तत्त्वाची जोड दिली. इनाम हे सेवेसाठी असते आणि सेवा नाकारणाऱ्यास इनामाचा हक्क उरत नाही, हे ते तत्त्व होय. पुढील काळात वतनांच्या बाबतीत आणि सरकारी नोकरांच्या बाबतीतही हाच दृष्टिकोन आढळतो.

१९०२ चा जाहीरनामा : स्वरूप आणि वैशिष्ट्ये

सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेक समारंभासाठी महाराज इंग्लंडमध्ये असताना २६ जुलै १९०२ रोजी राखीव जागांसंबंधीचा हुकूम करवीर दरबारच्या गॅझेटमध्ये प्रसिद्ध झाला. संस्थानच्या सेवेत यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांतून भराव्यात, असे त्यात फर्माविण्यात आले. या हुकुमाची आशयदृष्ट्या तीन वैशिष्ट्ये सांगता येतात.

पहिले वैशिष्ट्य व्याख्येचे आहे. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग वगळून उरलेले सर्व ते मागासलेले वर्ग, अशी व्यापक व्याख्या त्यात करण्यात आली. म्हणजे येथे कोणत्याही एका जातीला देणगी दिलेली नव्हती. शिक्षण व सत्ता यांपासून दूर राहिलेल्या सर्व समाजाचा एकत्रित विचार केलेला होता. दुसरे वैशिष्ट्य कार्यपद्धतीचे आहे. ज्या खात्यात मागासलेल्या वर्गातील अधिकाऱ्यांचे प्रमाण पन्नास टक्क्यांपेक्षा कमी असेल, तेथे पुढील नेमणूक या वर्गातील व्यक्तीचीच करावी, असे बंधन घालण्यात आले. सेवेत असलेल्यांना काढून टाकण्याचा प्रश्नच त्यामुळे उद्भवला नाही. तिसरे वैशिष्ट्य देखरेखीचे असून ते सर्वांत कमी चर्चिले गेले आहे. हुकुमानंतर झालेल्या सर्व नेमणुकांचे तिमाही पत्रक प्रत्येक खातेप्रमुखाने सादर करावे, असे त्यात नमूद होते.

तिमाही पत्रकाची ही अट वरवर किरकोळ वाटते. परंतु सदिच्छा आणि धोरण यांतील फरक अशाच तपशिलात दिसून येतो. खातेप्रमुखाला आपण कोणाला नेमले याचा हिशेब दर तीन महिन्यांनी द्यावा लागेल, ही जाणीव हुकुमाला कागदावर राहू देत नाही. परिणामही दिसून आले. १९१२ साली संस्थानातील ९५ अधिकारपदांपैकी ब्राह्मण अधिकाऱ्यांकडे ३५ पदे होती. दहा-बारा वर्षांच्या अवधीत घडलेला हा बदल लक्षणीय होता. म्हैसूर संस्थानात या प्रश्नावर मिलर समितीची नियुक्ती १९१८ मध्ये झाली आणि मद्रास प्रांतात जातवार प्रतिनिधित्वाचा आदेश १९२१ मध्ये निघाला, हे लक्षात घेता कोल्हापूरच्या हुकुमाचे अग्रेसरत्व स्पष्ट होते.

वसतिगृहे : हुकुमाला आवश्यक असलेला पाया

जागा राखून ठेवल्या तरी त्या भरण्यासाठी शिकलेले उमेदवार कोठून आणावयाचे, हा प्रश्न त्यापाठोपाठ येतो. महाराजांना या प्रश्नाची जाणीव हुकुमापूर्वीच झालेली होती. १८९६ मध्ये कोल्हापुरात विद्यार्थ्यांसाठी सर्वांना खुले असे एक वसतिगृह सुरू करण्यात आले होते. नियमाने ते सर्व जातींचे असले, तरी प्रत्यक्षात त्यावर ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच वर्चस्व राहिले. खेड्यातील शेतकऱ्याच्या मुलाला शहरात राहण्याची सोय, जेवणाची व्यवस्था आणि आपलेपणाचे वातावरण मिळाल्याशिवाय खुल्या दाराचाही उपयोग होत नाही, हा धडा या प्रयोगातून मिळाला.

त्यानंतर महाराजांनी वेगळा मार्ग स्वीकारला. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगची स्थापना झाली. त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग अस्तित्वात आले. लिंगायत, दैवज्ञ, नामदेव शिंपी, सारस्वत, पांचाळ, ख्रिस्ती अशा विविध समाजांची वसतिगृहे पुढील काळात उभी राहिली. १९२० मध्ये प्रिन्स शिवाजी मराठा फ्री बोर्डिंगची भर पडली. दरबाराने जागा, इमारत, वार्षिक अनुदान किंवा कायम उत्पन्न द्यावयाचे आणि त्या त्या समाजातील प्रमुखांनी व्यवस्था पाहावयाची, अशी साधारण रचना होती. शिक्षणाचा भार दरबाराने एकट्याने न पेलता प्रत्येक समाजाला त्यात जबाबदार भागीदार करून घेतले, हे या योजनेचे मर्म होय.

जातवार वसतिगृहांमुळे जातिभेद दृढ होईल, असा आक्षेप त्या काळीही घेतला गेला आणि आजही घेतला जातो. हा आक्षेप तत्त्वतः निराधार म्हणता येत नाही. तथापि सर्वांसाठीच्या वसतिगृहाचा अनुभव गाठीशी असताना हा मार्ग निवडला गेला, हे विसरता येणार नाही. जातीच्या बंधनातील समाजाला जातीच्या माध्यमातूनच शिक्षणाकडे वळविणे हे त्या परिस्थितीत साध्य होण्याजोगे पाऊल होते. याच वसतिगृहांच्या वातावरणात काही काळ राहिलेले भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांचे विद्यार्थी एकत्र राहू लागले आणि त्याला शाहू छत्रपतींचेच नाव देण्यात आले. कोल्हापूरच्या जातवार वसतिगृहांच्या परंपरेतून एका पिढीच्या आतच मिश्र वसतिगृह उभे राहिले, ही बाब या आक्षेपाचा विचार करताना ध्यानात घ्यावयास हवी.

सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण

वसतिगृहांचा लाभ माध्यमिक व उच्च शिक्षणापर्यंत पोहोचलेल्यांना होत होता. त्याखालचा पाया मात्र अरुंद होता. नामदार गोखले यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलेले प्राथमिक शिक्षणाचे विधेयक संमत होऊ शकले नाही. बडोदा संस्थानात सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग करून १९०६ मध्ये तो संपूर्ण राज्यास लागू केला होता. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. सात ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंडाची तरतूद त्यात होती. मार्च १९१८ मध्ये करवीर पेट्यातील चिखली या गावी या योजनेतील पहिली शाळा सुरू झाली.

१९१९ मध्ये अस्पृश्यांसाठी असलेल्या स्वतंत्र शाळा बंद करून त्या मुलांना सर्वसाधारण सरकारी शाळांत प्रवेश देण्याचा हुकूम काढण्यात आला. उच्च शिक्षणासाठी स्वतंत्र वसतिगृहे आणि प्राथमिक शिक्षणासाठी एकत्र शाळा, अशी ही दुहेरी रचना होती. वरकरणी विसंगत भासणाऱ्या या धोरणात सुसंगती आहे. सरकारच्या पूर्ण ताब्यातील शाळेत भेदभावाला जागा ठेवावयाची नाही आणि समाजाच्या सहभागावर चालणाऱ्या वसतिगृहात समाजाची तयारी पाहून पावले टाकावयाची, असा तो विवेक होता.

वतनपद्धतीवरील आघात

नोकरी आणि शिक्षण यांतील सुधारणा मुख्यतः पेठा व शहरे येथे दिसत होत्या. खेड्यातील सत्तेचे केंद्र मात्र वेगळे होते. जमाबंदीचे दप्तर, वसुलीचा हिशेब आणि लेखी व्यवहार वंशपरंपरागत कुलकर्ण्याच्या हाती असत. निरक्षर रयतेला आपल्या जमिनीच्या नोंदीत काय लिहिले आहे हे कुलकर्ण्याच्या सांगण्यावरूनच समजत असे. वरिष्ठ पदांवर कितीही बदल झाला, तरी गावचे दप्तर हलत नव्हते.

१९१८ मध्ये महाराजांनी कुलकर्णी वतन बरखास्त केले आणि त्याऐवजी पगारी तलाठ्यांची नेमणूक केली. तलाठ्यांच्या प्रशिक्षणाची व्यवस्था करून अस्पृश्य समाजातील तरुणांनाही या पदावर घेण्यात आले. पाटलांना कारभाराचे शिक्षण देण्यासाठी काढलेली दिल्ली दरबार पाटील शाळा हाही याच धोरणाचा भाग होता. कुलकर्णी वर्गाने या निर्णयाला तीव्र विरोध केला आणि तो ब्राह्मणद्वेषातून घेतल्याचा आरोप झाला. वंशपरंपरेने मिळालेले उपजीविकेचे साधन गेल्यामुळे त्या कुटुंबांवर आलेले संकट खरे होते, हे नाकारता येत नाही. परंतु या निर्णयाचे स्वरूप पारखण्यासाठी त्याच वर्षी झालेला दुसरा निर्णय शेजारी ठेवणे आवश्यक आहे.

हा दुसरा निर्णय महार वतनाचा होय. अल्पशा जमिनीच्या आणि बलुत्याच्या मोबदल्यात महार कुटुंबांतील सर्वांना सरकारी व गावकीची कामे रात्रंदिवस करावी लागत. वतन हा मान नसून पिढ्यान्पिढ्यांची वेठ होती. ती सोडून शिक्षण घेण्याची वा अन्य व्यवसाय करण्याची मोकळीक त्यांना नव्हती. १९१८ मध्ये महाराजांनी ही वतने रद्द करून त्या जमिनी रयतावा पद्धतीने संबंधितांच्या नावे केल्या. एक वतन सत्ता देणारे होते आणि दुसरे गुलामीत ठेवणारे होते. दोन्ही एकाच वर्षी मोडीत काढण्यात आली. त्यामुळे आघात एका जातीवर नसून जन्माने काम ठरविणाऱ्या पद्धतीवर होता, असा निष्कर्ष काढता येतो. महार, मांग, रामोशी, बेरड इत्यादी जमातींना पोलिसांकडे द्यावी लागणारी हजेरीही त्याच वर्षी बंद झाली.

या निर्णयांचे काळाच्या पुढे असणे तुलनेने समजते. मुंबई इलाख्यात १८७४ चा वतन कायदा लागू होता. त्यात दुरुस्ती करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले, परंतु त्याला यश आले नाही. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने आणि कनिष्ठ गाववतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. कोल्हापुरात जे १९१८ मध्ये घडले, त्यासाठी उर्वरित महाराष्ट्राला तीन ते चार दशके वाट पाहावी लागली.

अस्पृश्यतानिवारण आणि सेवाशर्ती

१९१९ मध्ये काढलेल्या हुकुमांनी सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने, शाळा व सरकारी इमारती अस्पृश्यांना खुल्या करण्यात आल्या. या हुकुमांतील विशेष तरतूद अशी की, महसूल, शिक्षण व वैद्यकीय खात्यांतील ज्या नोकरांना अस्पृश्यांशी समतेने वागणे मान्य नसेल त्यांनी सहा आठवड्यांच्या आत राजीनामा द्यावा आणि अशांना निवृत्तिवेतन मिळणार नाही. अस्पृश्यता पाळणे हा प्रत्येकाच्या धार्मिक श्रद्धेचा भाग आहे, असा युक्तिवाद तेव्हा प्रचलित होता. महाराजांनी कोणाच्या श्रद्धेवर हुकूम काढला नाही. सरकारी नोकराच्या वर्तनावर तो काढला. नियम मोडणाऱ्यास तोशीस लागेल अशी व्यवस्था केल्याने या हुकुमांना व्यावहारिक बळ लाभले.

याला त्यांच्या व्यक्तिगत आचरणाची जोड होती. गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात जाऊन सर्वांसमक्ष चहा घेणे, अस्पृश्य समाजातील व्यक्तींना वकिलीच्या सनदा देणे, २१ व २२ मार्च १९२० रोजी माणगाव येथे डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या परिषदेस उपस्थित राहून त्यांच्या नेतृत्वाचे स्वागत करणे, ही त्याची उदाहरणे होत.

स्त्रियांच्या संदर्भातही १९१७ ते १९२० या काळात विधवाविवाह, आंतरजातीय विवाह, घटस्फोट, स्त्रियांच्या छळास प्रतिबंध आणि देवदासी प्रथा यांविषयी कायदे करण्यात आले. १९१८ मध्ये वैधव्य आलेल्या आपल्या स्नुषा इंदुमतीदेवी यांच्या शिक्षणाची व्यवस्था महाराजांनी स्वतः केली. या कायद्यांची अंमलबजावणी किती कुटुंबांपर्यंत पोहोचली हा स्वतंत्र संशोधनाचा विषय असला, तरी विवाह ही राज्याने लक्ष घालावयाची बाब आहे, ही भूमिका त्यांतून पुढे आली.

मर्यादा

या सुधारणांना काही अंगभूत मर्यादा होत्या. पहिली मर्यादा सार्वभौमत्वाची. कोल्हापूर हे ब्रिटिश सत्तेच्या अधीन संस्थान असल्याने महाराजांना अनेक बाबतींत ब्रिटिश अधिकाऱ्यांचा कल सांभाळावा लागे. संस्थानातील इचलकरंजी, विशाळगड, बावडा यांसारख्या जहागिरींचा कारभारही स्वतंत्रपणे चाले. दुसरी मर्यादा साधनसंपत्तीची. रयतेच्या उत्कर्षासाठी योजिलेले राधानगरीचे धरण महाराजांच्या हयातीत पूर्ण होऊ शकले नाही. ते १९५७ मध्ये पूर्णत्वास गेले. तिसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. हे सर्व निर्णय राजाज्ञेने झाले, प्रातिनिधिक विधिमंडळाच्या संमतीने नव्हे. त्यामुळे त्यांचे भवितव्य राजाच्या इच्छेशी निगडित होते. ६ मे १९२२ रोजी मुंबई येथे वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी महाराजांचे निधन झाले आणि या परिवर्तनाचा वेग मंदावला. तथापि वसतिगृहे, शाळा आणि त्यांतून तयार झालेले कार्यकर्ते टिकून राहिले. हुकुमाचे आयुष्य राजाइतके असते, संस्थेचे त्याहून अधिक असते, हे कोल्हापूरच्या इतिहासाने दाखवून दिले.

निष्कर्ष

१) १९०२ चा जाहीरनामा ही एकाकी घटना नव्हती. राखीव जागांसाठी उमेदवार घडविणारी वसतिगृहे, वसतिगृहांसाठी विद्यार्थी पुरविणारे सक्तीचे शिक्षण आणि शिकलेल्यांना खेड्यातही स्थान मिळवून देणारी वतनबरखास्ती अशी ती एक साखळी होती.

२) व्याख्या, प्रमाण, तिमाही पत्रक, अनुदान व सेवाशर्ती या प्रशासकीय साधनांमुळे सामाजिक न्यायाचे तत्त्व व्यवहारात उतरले.

३) कुलकर्णी आणि महार ही दोन्ही वतने एकाच वर्षी रद्द झाली, यावरून महाराजांचा रोख विशिष्ट जातीपेक्षा जन्माधिष्ठित अधिकार व जन्माधिष्ठित वेठ यांवर होता, हे स्पष्ट होते.

४) राजाज्ञेवर आधारलेल्या या सुधारणांना कायमस्वरूपी घटनात्मक अधिष्ठान स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय संविधानाने दिले.

आरक्षणाच्या प्रश्नावरील आजच्या चर्चेत १९०२ च्या हुकुमाचा उल्लेख वारंवार केला जातो. मात्र चर्चा पुष्कळदा टक्केवारीपाशीच थांबते. शाहू महाराजांच्या कारभारात पन्नास टक्के हा आकडा आरंभबिंदू होता. त्या आकड्याच्या मागे शाळा, वसतिगृह, जमीन आणि दप्तर यांची दोन दशकांची बांधणी उभी होती. ती बांधणी बाजूला ठेवून केवळ आकड्याचे स्मरण केल्यास या थोर राज्यकर्त्याच्या कार्याचे आकलन अपुरे राहील. महाविद्यालयीन अध्यापनात हा संपूर्ण क्रम विद्यार्थ्यांपुढे ठेवणे ही इतिहासाच्या अभ्यासकांची जबाबदारी ठरते.